आगावेर्दीचा चार्ज

डोंगरावरचं रडार बंद झालं तेव्हा खालच्या चिनारली गावापुढे सगळ्यात मोठी पंचाईत ही उभी राहिली, की आता दोष द्यायचा कुणाला? इतकी वर्षं कोंबडीनं अंडं घातलं नाही तर रडारमुळे, दूध नासलं तर रडारमुळे, आणि ट्रॅक्टरवाल्या खानोग्लानचा जावई काडीला हात लावत नसे तोही रडारमुळेच. ते बंद होऊन हिवाळा सरला. कोंबड्या होत्या तशाच राहिल्या आणि जावई तर आणखी सुस्तावला. पण खानोग्लान हार मानणारा नव्हता. "लाटा अजून हवेत आहेत रे," तो चहाखान्यात सांगायचा. "चूल विझवली तरी तवा लगेच गार होतो का? हे तर रडार!"

रडार म्हणजे माथ्यावरची ती राखाडी, बिनखिडक्यांची, एका अंगानं उतरती इमारत. कुणी राक्षसानं डोंगरात पाचर ठोकली आणि काढायची विसरला, अशी दिसायची. तिचं काम एकच होतं. वरून जे जे जाईल, मग तो उपग्रह असो, रॉकेटचं रिकामं नळकांडं असो की कुणी कुणावर सोडलेलं काही असो, ते टिपायचं आणि उत्तरेला कळवायचं. जमीन अझरबैजानची, यंत्रं रशियाची, आणि दिवे गेले की दुरुस्तीला चिनारलीचा मीरदामत. पुढे यंत्रं म्हातारी झाली, दोन सरकारांचं आपसात जमेना, आणि एक दिवस रशियन कुटुंबं पियानो, लोणच्याच्या बरण्या आणि मांजरं घेऊन निघून गेली. जाण्याआधी त्यांच्या मेजरनं मीरदामतच्या हातूनच मुख्य फ्यूज काढवला आणि त्याच्याकडेच ठेवायला दिला. अवजड सामान नंतर ट्रकनं न्यायचं ठरलं, आणि तोवर राखणदार म्हणून मीरदामतला ठेवलं. ज्या इमारतीत चोरायला सगळं होतं पण चोरून नेण्याजोगं काहीच नव्हतं, तिची राखण करणं हे त्याच्या स्वभावाला मानवणारं काम होतं.

नवरोजच्या, म्हणजे वसंतातल्या नववर्षाच्या, आधीच्या शेवटच्या मंगळवारी, उन्हं कलल्यावर, तो रोजच्यासारखा दरवाजाचं कुलूप आणि शिशाचं सील बघायला निघाला. रोज हात रिकामे असायचे. आज एका हातात थर्मास होता आणि दुसऱ्यात फडक्यात बांधलेली थाळी.

खानोग्लान अंगणात नवरोजच्या होळीसाठी सुक्या वेली रचत होता. त्यानं विचारलं, "काय रे मीरदामत, यंदा कुलुपालासुद्धा फराळ?"

"कुलूप तुझ्या जावयापेक्षा जास्त काम करतं," मीरदामत म्हणाला आणि पुढे झाला. एरवी तो थांबून आणखी दोन ऐकवून गेला असता. आज त्याला थांबायचं नव्हतं. कारण ही थाळी सोल्माझनं दिलेली होती आणि ती कुलुपासाठी नव्हती.

सोल्माझ रडारच्या खानावळीत स्वयंपाकाला होती. तिच्या हातच्या पुलावासाठी एका कर्नलनं स्वतःची बढतीवरची बदली रद्द करून घेतली असं सांगतात. खोटंच असेल, पण तो पुलाव खाल्लेला कुणी माणूस ते खोटं म्हणत नाही. तिचा नवरा आगावेर्दी हा वरच्या मोठ्या दालनात पडद्यासमोर बसायची परवानगी मिळालेल्या दोनचार गावकऱ्यांपैकी एक. बारीक, शिस्तीचा, मिशी कात्रीनं मोजून कापणारा. पंचवीसेक वर्षांपूर्वी, अशाच शेवटच्या मंगळवारी संध्याकाळी, तो खुर्चीत बसल्या बसल्या गेला. हृदय थांबलं. त्याच्या जागी बसायला आलेल्या माणसानं आरडाओरडा केला, डॉक्टर आला, चौकशीला लोक आले, त्याला खाली आणून रीतसर पुरलं. सगळं झालं. एक मात्र राहिलं.

वरच्या दालनाचा कायदा असा होता, की पडद्यासमोरचा माणूस उठताना म्हणणार, "चार्ज दिला." बसायला आलेला म्हणणार, "चार्ज घेतला." हे दोन शब्द झाल्याशिवाय उठायचं नाही, मग घराला आग लागलेली असो. आगावेर्दीचा चार्ज कुणीच घेतला नव्हता, आणि पुढे त्याच्या खुर्चीत कुणी बसलंही नाही.

मीरदामत विधुर होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यानं सोल्माझला पहिल्यांदा विचारलं ते खानावळीतच, हातात सुपाची वाटी धरून.

"मी लग्नाची बाई आहे," ती पळी न थांबवता म्हणाली.

"पण सोल्माझबाई, आगावेर्दी तर गेला."

"गेले कुठे? ड्यूटीवर आहेत. सूप घ्या आणि पुढे सरका, मागे रांग आहे."

दोन वर्षांपूर्वी त्यानं गावच्या रीतीनं विचारून पाहिलं. शेवटच्या मंगळवारी अंधार पडला की लोक दुसऱ्यांच्या दारात टोपी टाकून लपून बसतात आणि घरवाले ती खाऊनं भरून उंबऱ्याबाहेर ठेवतात. पोरांचा खेळ तो. पण एखाद्या जाणत्या माणसानं बाईच्या दारात टोपी टाकली तर तिचा अर्थ अख्ख्या गावाला कळतो. भरून आली तर हो, रिकामी आली तर नाही. मीरदामतची रिकामी आली होती. फक्त आतलं फाटलेलं अस्तर तिनं नीट शिवून दिलं होतं. त्या टाक्यांवर तो दोन वर्षं काढत होता.

आणि आज सकाळी तिनं स्वतःहून त्याला फाटकाशी बोलावलं होतं.

"उद्या ट्रक येणार म्हणे?"

"हो. यंत्रं, टेबलं, खुर्च्या, सगळं नेणार."

सोल्माझनं हाताचं पीठ कमरेच्या फडक्याला पुसलं. "आज गावातले सगळे मेलेले घरी येतात. गुलबेनिझमावशीकडे तिची सासू येते आणि दही पाडून जाते. खानोग्लानचा बाप जिवंतपणी कधी वेळेवर आला नाही, तोही येतो. मी दर वर्षी दार उघडं ठेवते, ताट मांडते. माझाच माणूस येत नाही. का येत नाही, सांगा?"

मीरदामतनं टोपी मागे सारली. उत्तर त्याला ठाऊक होतं.

"उद्या खुर्चीसकट उचलून ट्रकात घालतील त्यांना," ती म्हणाली. "कुठल्या तरी गोदामात बसून राहतील जन्मभर. म्हणजे... जन्मभर नाही. तुम्हाला कळलं ते." तिचा आवाज जरा हलला, मग लगेच ताळ्यावर आला. "तुमच्याकडे किल्ली आहे. वर जा आणि त्यांचा चार्ज घ्या. त्यांना एकदा घरी येऊ दे. मग संध्याकाळी टाका टोपी. मी काय ते उत्तर देईन."

"आणि नाही उठला तो तर?"

"तर मी लग्नाची बाई आहे," सोल्माझ म्हणाली.

सील शाबूत होतं. मीरदामतनं ते कापलं, कुलूप काढलं आणि लोखंडी दार ढकललं. नवं सील खिशात होतंच. राखणदार असण्याचा एवढा तरी फायदा. आत शिरल्यावर त्यानं सवयीनं दार मागे ओढून आतला अडसर लावला, त्याला तेच कुलूपही घातलं.

आत रात्र होती. बाहेर अजून डोंगराच्या कडेवर ऊन होतं, पण या इमारतीला खिडकीच नव्हती, त्यामुळे तिला ऊन काय आणि चांदणं काय, सारखंच. बॅटरीचा उजेड जिन्यावर पडला. हवेला रबराचा, जुन्या तेलाचा आणि थंड धुळीचा वास होता. इथे कायम एक घोंघाट असायचा. भिंतीत, कठड्यात, दातांत भरून राहणारा. मीरदामतला त्याची इतकी सवय होती, की तो थांबल्यावर पहिले काही दिवस त्याला बहिरं झाल्यासारखं वाटलं होतं. आता त्याच्या बुटांचा आवाज वरपर्यंत जाई आणि जरा उशिरानं परत येई. उशिरानं, आणि त्याला वाटलं, एखादं पाऊल जास्त घेऊन.

दालनाच्या दाराशी तो थांबला. इतक्या वर्षांच्या नोकरीत तो इथे एकटा कधी आला नव्हता. बल्ब बदलायलाही बरोबर बंदूकवाला असे. त्यानं टोपी काढली, मग घातली, मग पुन्हा काढली, आणि आत गेला.

काळ्या पडद्यांच्या रांगा. धूळ सगळीकडे सारखी बसलेली. एक खुर्ची सोडून.

कोपऱ्यातली तिसरी. तिच्या पाठीवर, बसायच्या जागेवर, हातांवर धुळीचा कण नव्हता.

मीरदामतला त्या क्षणी परत फिरावंसं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. पण फिरलो तर काय, याचंही चित्र त्याच्यापुढे होतं. एकट्यानं उकडलेले बटाटे, आणि टोपीत सुंदर शिवलेलं अस्तर. त्यानं बॅटरी टेबलावर उभी ठेवली, थाळी सोडली, पेल्यात चहा ओतला आणि शिष्टाचाराप्रमाणे चौकशीला सुरुवात केली. चिनारलीचा माणूस दरोडा घालायला गेला तरी आधी तब्येत विचारील.

"सलाम, आगावेर्दी. कसा आहेस? ...म्हणजे, तसं. घरी सगळं ठीक आहे. सोल्माझबाई बऱ्या आहेत. छप्पर मी नीट करून दिलं गेल्या वर्षी, गैरसमज नको. तुझा पुतण्या बाकूला असतो, त्यानं गाडी घेतली. यंदा आलुबुखार लवकर फुलले..."

पडदे काळेच राहिले. पुलावाचा वास मात्र त्या थंड हवेत हळूहळू पसरत होता, तुपाचा, केशराचा, सुक्या जर्दाळूंचा. मीरदामत स्वतःच्याच बोलण्याला कंटाळला. त्यानं घसा खाकरला आणि म्हणाला, "तर मग... चार्ज घेतला."

काही झालं नाही.

त्याला आपली चूक लक्षात आली. ड्यूटीचं बोलणं आपल्या भाषेत थोडंच चालणार? इथे माणसं मेली असतील, पण रशियन सोडून दुसऱ्या भाषेत हजेरी कुणी दिली नव्हती. तो ताठ उभा राहिला, टाचा जुळवल्या आणि मोडक्या रशियनमध्ये म्हणाला, "चार्ज घेतला!"

तरी काही नाही.

मग त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. चूक भाषेची नव्हती, क्रमाची होती. जो उठणार तो आधी बोलतो. न दिलेला चार्ज घ्यायचा कसा? आता दुसऱ्या बाजूनं काहीतरी येईपर्यंत थांबणं भाग होतं. आणि काहीतरी येणार, हे त्याला तेव्हाच कळलं.

तो थांबला. पेल्यातली वाफ सरळ वर जात होती. बॅटरीच्या उजेडात तिचा दोरा दिसत होता. बघता बघता तो दोरा वाकला आणि खुर्चीकडे गेला. हलकेच, कुणी श्वास आत ओढावा तसा. मग परत सरळ झाला.

मीरदामतच्या तळव्यांना मुंग्या आल्या. जमिनीत घोंघाट होता, अगदी बारीक. मुख्य फ्यूज त्याच्या घरी, लाकडी पेटीत, खिळ्यांच्या डब्याशेजारी होता.

"आगावेर्दी...?" तो कुजबुजला.

खुर्ची करकरली. खूप दिवस न वापरलेला, घोगरा, दमलेला आणि तरीही अत्यंत नेमस्त आवाज रशियनमध्ये म्हणाला, "...नोंद घेण्यासारखं... काही नाही."

आणि मग बऱ्याच वेळानं,

"चार्ज... दिला."

आता म्हणायचे होते नुसते दोन शब्द. मीरदामतला त्या एका क्षणात कायदा पुरता आठवला. जो घेईल त्यानं दुसऱ्यानं घेईपर्यंत सोडायचा नाही. आणि घ्यायला येणारं आता या डोंगरावर कोण होतं? रशियन गेले. त्यांनी दुसरीकडे उभारलेल्या नव्या यंत्राला या खुर्चीची खबर नव्हती. सरळ हिशेब केला असता तर शहाणा माणूस जिन्याकडे वळला असता. पण मीरदामत वायरमन होता आणि प्रेमात होता, त्यामुळे हिशेबाशी त्याचा दोन्ही बाजूंनी संबंध नव्हता.

"चार्ज घेतला," तो म्हणाला.

खुर्ची अर्धी वळली. कुणीतरी उठलं. लांब, सुखाचा एक सुस्कारा निघाला, बूट काढल्यावर माणूस सोडतो तसा. मीरदामतच्या खांद्यावर क्षणभर थंड वजन आलं, थोपटल्यासारखं, आणि गेलं. मग दालनाबाहेर पावलं वाजली. आधी जपून, मग भरभर, मग एकेक पायरी गाळत, तरण्याबांड पोरासारखी. आणि जिन्याच्या तळातून शीळ ऐकू आली. लग्नात नाचताना वाजवतात ती चाल होती.

मीरदामतला हसू फुटलं. असा आनंद त्यानं त्या इमारतीत आजवर ऐकला नव्हता.

मग त्याचं हसू थांबलं. ड्यूटी सुटलेला माणूस जातो कुठे? घरी. घरी कोण आहे? सोल्माझ. ताट मांडून, दार उघडं ठेवून, पंचवीस वर्षं वाट बघत. प्रतिस्पर्ध्याला स्वतःच्या हातानं सोडवून, वर त्याला चहा पाजून, बायकोकडे धाडून देणारा प्रेमवीर जगात आपणच पहिला, असं त्याला वाटलं.

तो धावतच खाली उतरला. दाराचा अडसर तसाच आतून लावलेला होता. कुलूप घातलेलं होतं. ते उघडून पुन्हा बाहेरून लावून सील ठोकताना घाईत शिसं दोनदा खाली पडलं.

बाहेर संध्याकाळ उतरली होती आणि खाली अंगणाअंगणात होळ्या पेटल्या होत्या. धुराचा गोड वास वर येत होता. पोरं ज्वाळांवरून उड्या मारत होती, बायका ओरडत होत्या, कुणाच्या तरी घरी ढोल सुरू झाला होता. आणि त्या सगळ्या गलक्यातून मीरदामतला एक वेगळा आवाज ऐकू आला. सगळ्यात वरच्या घराचं कुत्रं भुंकलं. ते गप्प झालं तोच खालच्या घरचं. मग वळणावरचं. मग गिरणीपाशीचं. भुंकणं रस्त्यानं एकेक घर उतरत चाललं होतं, चालणाऱ्या माणसाच्या वेगानं. ते सोल्माझच्या गल्लीत वळलं. तिथलं म्हातारं कुत्रं भुंकलं नाही. ते आनंदानं कुंईकुंई करत राहिलं, आणि मग सगळं शांत झालं.

मीरदामत खाली पोचला तेव्हा सोल्माझचं दार लोटलेलं होतं. फटीतून उजेडाची पट्टी अंगणात पडली होती. त्या संध्याकाळी मनात इच्छा धरून दुसऱ्याच्या दाराला कान लावायची गावची रीत आहे. जे पहिलं वाक्य कानी पडेल ते आपलं नशीब. म्हणून शहाणी माणसं त्या दिवशी घरात भांडत नाहीत, निदान मोठ्यानं तरी नाही. मीरदामतनं कान लावला.

"बसा ना..." सोल्माझ म्हणत होती. "पुलाव गरम आहे."

हे नशीब आपलं की दुसऱ्याचं, ते त्याला ठरवता येईना. तो तसाच उभा राहिला. आत दुसरा आवाज नव्हता. फक्त तिच्या बोलण्यात कुणाच्या तरी उत्तराएवढ्या जागा मोकळ्या सुटत होत्या.

"किती वाळलात हो..."

जागा.

"नाही, नाही. मी कधी रागावले नाही. कामच तसं होतं तुमचं."

जागा. मग ती हसली. मीरदामतनं तिला पळी आपटताना ऐकलं होतं, दुधवाल्याला झापताना ऐकलं होतं. असं हसताना कधीच नाही. त्याच्या काळजात कळ आली आणि त्याच वेळी बरंही वाटलं. दोन्ही एकदम कसं होतं, हे त्याला पुढेही कुणाला सांगता आलं नाही.

"त्याचं विचारता?" ती हळू आवाजात म्हणाली. "चांगला आहे. दिव्यांचं कळतं. बाकीचं मी शिकवीन."

यावेळची जागा लांब होती. होळीतली लाकडं तडतडली.

"बरं... जा मग. आता कुणासाठी थांबू नका." आणि खूप हलकेच, "सुखानं जा."

मागचं दार उघडल्याचा आवाज आला. परसात वारा नव्हता, तरी आलुबुखाराच्या झाडांवरून फुलांची एक रेघ गळत गेली, दारापासून कुंपणापर्यंत, आणि कुंपणापलीकडे काही गळलं नाही.

मीरदामतनं डोक्यावरची टोपी काढली, दाराच्या फटीतून आत टाकली आणि आक्रोडाच्या झाडामागे जाऊन उभा राहिला. छाती इतकी धडधडत होती, की खानोग्लान असता तर म्हणाला असता, रडार पुन्हा सुरू झालं.

आत भांड्यांचा आवाज झाला. बराच वेळ झाला. मग दार उघडलं आणि उंबऱ्यावर टोपी आली. तिच्यात कांद्याच्या सालीत रंगवलेली लाल अंडी होती, आक्रोड होते, शेकरबुरा, त्या गोड करंज्या, इतक्या दाबून भरल्या होत्या की वरच्या दोन खाली पडल्या.

"मीरदामत, बाहेर या," सोल्माझ म्हणाली. "झाडामागे लपलात खरे, पण पोट अलीकडेच राहिलंय."

तो पुढे आला. "काय... काय म्हणाला तो?"

"काय म्हणणार? म्हणाले, उशीर झाला, माफ कर." तिनं डोळे पुसले. "सगळे पुरुष तेच म्हणतात. फक्त इतका उशीर कुणी करत नाही."

उजेडात टेबल दिसत होतं. ताट ब्रेडच्या तुकड्यानं लख्ख पुसून घेतलेलं होतं.

"सगळा पुलाव संपवला?" मीरदामतच्या तोंडून निघून गेलं.

"तुमच्यासाठी कढईतला खालचा थर ठेवलाय, कुरकुरीत. आत या. आणि ऐकलंत का... आज घरात शिरताना पाय पुसा. उद्यापासून रोज."

दुसऱ्या दिवशी ट्रक आले. यंत्रं गेली, पडदे गेले, खुर्च्या गेल्या. इमारत इतकी रिकामी झाली, की शेळ्यासुद्धा आत जाऊन निराश होऊन परत येऊ लागल्या. नवरोज झाला आणि लगोलग लग्न झालं. गुलबेनिझमावशी नाचताना पडली आणि तिनं त्याचा दोष रडारला दिला. लोकांना जुने दिवस आठवून बरं वाटलं. मीरदामतचं वजन वाढलं. चहाखान्यातले म्हणायचे, एवढा सुखी माणूस बघवत नाही, याला कुणीतरी आवरा.

फक्त एक झालं. उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून असं व्हायला लागलं, की तुतीखाली चहा पिताना तो बोलता बोलता मध्येच थांबायचा. मान वर व्हायची आणि आकाशाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सावकाश फिरायची. वर निळ्याशिवाय काही नसायचं. मग तो म्हणायचा, "गेला," आणि पेला उचलायचा. आयुष्यभर वायरी जोडलेल्या त्या माणसाला पडद्यावरचं एक अक्षरही कधी वाचता आलं नव्हतं.

सोल्माझला याचं नवल वाटलं नाही. ती भाजी निवडता निवडता विचारायची, "आपला की परका?" तो सांगायचा. ती मान डोलावायची. घर म्हटलं की असं काहीबाही असायचंच.

परवा मात्र त्याची मान अर्ध्यावर गेली आणि तिथेच राहिली. चहा निवला. पाखरं गप्प झाली होती.

"काय हो? गेला नाही अजून?"

"नाही," मीरदामत हळूच म्हणाला. "थांबलाय."

"थांबलाय म्हणजे? कुठे?"

त्यानं बोट वर केलं. सरळ वर, तुतीच्या झाडावर, त्यांच्या छपरावर.

सोल्माझनं वर पाहिलं. स्वच्छ दुपार होती. एक ढगही नव्हता. "आपला की परका?" तिनं विचारलं.

मीरदामतचं बोट वरच राहिलं.

तिनं जरा वेळ वाट पाहिली. मग ती उठली, आत गेली आणि फडक्यानं पुसत पुसत पाहुण्यासाठी तिसरा पेला घेऊन आली.